भर दुपारी वाजणारी शेगडी

विरूपाक्ष बोळेगावे यांनी चांगल्या धडधाकट ओट्याला भोक पाडून घेतलं, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली. भोकही साधंसुधं नव्हे. काळ्या ग्रॅनाइटला कटर लावून, झाकण लावलेल्या साखरेच्या डब्यापर्यंत पांढरी धूळ पोचवून पाडलेलं, मांजर आरामात आत-बाहेर करील एवढं चौकोनी भोक. कारण पुण्याच्या मुलानं, संगमेशनं, आईसाठी जी नवी शेगडी पाठवली होती ती ओट्यावर ठेवायची नव्हती, ओट्यात बसवायची होती. तिला हॉब म्हणायचं. वर काळी काच, चार बर्नर, आणि काडी नको की लायटर नको. बटण दाबून फिरवलं की पोटातल्या सेलवर ठिणगी पडणार आणि शेगडी आपली आपण पेटणार.

विरूपाक्षांचं लातुरात गंजगोलाईजवळ नळ-फिटिंगचं दुकान. बेसिन, गीझर, शॉवर असलं सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. 'बसवायला आमचा माणूस येईल' असं कंपनीनं कळवलं तेव्हा त्यांना कुणीतरी चारचौघांत अक्कल काढल्यासारखं वाटलं. पाण्याचा पाइप काय आणि गॅसचा पाइप काय, आतून काय जातंय एवढाच फरक, असं त्यांचं ठाम मत होतं. ते त्यांनी शेजारच्या आप्पासाहेबांना ऐकवलंही. आप्पासाहेब निवृत्त तलाठी. कुठल्याही गोष्टीला चारही बाजूंनी मोजल्याशिवाय हो म्हणायचे नाहीत.

"बसवा की," ते म्हणाले. "पण जुनी शेगडी टाकू नका म्हंजे झालं. माणसाचा हात असतो एकेका वस्तूवर."

जुनी शेगडी सकाळीच भंगारवाल्याच्या गाड्यावरून गेली होती. ती अव्वांची होती. अव्वा म्हणजे विरूपाक्षांच्या आई, केवळाबाई. गेल्या उन्हाळ्यात त्या लिंगैक्य झाल्या, आणि त्यांचं पहिलं पुण्यस्मरण आता तोंडावर आलं होतं. पाहुणे येणार, जंगम स्वामी येणार, म्हणून तर स्वयंपाकघर नवं करायची घाई.

शेगडी बसली. उमाबाईंनी, म्हणजे विरूपाक्षांच्या सौभाग्यवतींनी, तिची रीतसर पूजा केली. चारी बटणांना हळदीकुंकू, काचेवर भस्माचे तीन पट्टे, पुढ्यात नारळ. मग पहिल्याच जाळावर दूध ठेवलं आणि ते उतू जाऊ दिलं. नव्या चुलीवर दूध उतू गेलं की त्या घरात काही कमी पडत नाही. हे आपल्याकडं लहान पोराला माहीत असतं, फक्त शेगडीच्या कंपनीला माहीत नसतं. दूध छान उतू गेलं. पूर्वेच्या बाजूनं गेलं, म्हणजे शुभच. तिथून ते बर्नरखाली उतरलं, आणि जिच्या टोकाला ठिणगी पडते त्या पांढऱ्या कांडीवर जाऊन वाळलं. दुसऱ्या दिवशी शेगडी पेटेना.

विरूपाक्षांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग गोड बोलून पाहिलं. शेवटी उमाबाईंनी काडी ओढून गॅस पेटवला आणि चहा त्यांच्या हातात दिला. नवी आपोआप पेटणारी शेगडी काडीनं पेटवावी लागते हे कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. संध्याकाळपर्यंत ते आप्पासाहेबांना माहीत होतं.

कंपनीचा माणूस लातुरात नव्हता, नांदेडला होता. प्रेम नावाचा, हातमोजे वगैरे घातलेला, बोलायला मऊ. तो सकाळच्या बसनं आला, बर्नर काढले, कांड्या पुसल्या, आणि म्हणाला, "सर, दूध गेलंय यात. बाकी काही न्हाई." शेगडी पेटली. विरूपाक्षांनी त्याला बसस्टँडपर्यंत सोडलं. परत आले तर ओट्यावर पातेलं, आणि पातेल्याभोवती पांढरा फेस पसरत चाललेला.

"अगं, हे काय?"

"दुरुस्त झाली न्हवं? म्हंजे नव्यानंच सुरू झाली की," उमाबाई म्हणाल्या. "तसंच कसं सुरू करायचं?"

प्रेमची बस अजून लातूरच्या बाहेरही पडली नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही घरातली आहे. पुढची तशी नाही.

उन्हाळ्याच्या दिवसांत विरूपाक्ष जेवायला घरी यायचे आणि ऊन उतरेपर्यंत दुकानाकडं फिरकायचे नाहीत. लातूरची ती वेळ ज्यानं पाहिली आहे त्यालाच कळेल. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. खिडक्या लावून घेतल्यानं घरात अंधारल्यासारखं होतं, वीज गेलेली असते, आणि एवढी शांतता पसरते की माठातून पाणी पाझरताना ऐकू यावं. अशा एका दुपारी ते खाटेवर पडले होते. उमाबाई ओटा आवरून पलीकडच्या खोलीत टेकल्या होत्या. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

टक टक टक. जरा थांबून, टक टक टक.

विरूपाक्षांचे डोळे उघडले, पण अंग हलेना. कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. अव्वा कधी चहा मागायच्या नाहीत. मागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दुपारी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायच्या आणि हातातला अडकित्ता लाकडावर आपटायच्या, तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. ते ऐकलं की घरातलं जे कुणी असेल ते उठून चहा टाकायचं. विरूपाक्ष लहानपणापासून त्या आवाजाला उठत आलेले. आताही त्यांच्या तोंडातून "आलो, अव्वा" असं निघून गेलं.

ते उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले. आत अंधुक होतं. ओट्याजवळ कुणी नव्हतं. बटणं चारीही बंद. आणि तरी काळ्या काचेवर, चारी बर्नरांच्या कडेला, बारीक निळ्या ठिणग्या एकदम उडत होत्या आणि विझत होत्या. टक टक टक. ज्या शेगडीला आठवडाभर बाबापुता करून एक ठिणगी धड पडत नव्हती, ती आता कुणी हात न लावता चारी तोंडांनी बोलत होती.

"उमे," त्यांनी हाक मारली. आवाज काही हाकेसारखा आला नाही.

उमाबाई आल्या. त्यांनी शेगडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, पदर खोचला आणि काडीनं गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं. "चहाची येळ झाली," एवढंच म्हणाल्या. पाणी तापलं, उकळलं, चहापत्ती पडली. चहा गाळायच्या आत टकटक थांबली होती. विरूपाक्षांनी चहा घेतला. तो कसा झाला होता हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याही दिवशी. सकाळी शेगडी मुकी, संध्याकाळी मुकी. दुपारी, जेवणं आवरली आणि घर निजलं की मात्र बोलायला लागायची. आणि चहा टाकला की गप्प. दोनदा चहा केला नाही तर ऊन उतरेपर्यंत वाजत राहिली.

विरूपाक्षांनी नांदेडला फोन लावला. प्रेम म्हणाला, "सर, प्रॉब्लेम दिसला तरच तक्रार चढवता येते. व्हिडिओ पाठवा." म्हणून दुसऱ्या दुपारी ते मोबाईल धरून ओट्यासमोर उभे राहिले. मोबाईल सुरू केला आणि टकटक थांबली. बंद केला, सुरू झाली. पुन्हा धरला, थांबली. नळ-फिटिंगच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचा खजिनदार, बनियनवर, घामाघूम, एका बंद शेगडीचं चित्रण करत कितीतरी वेळ उभा होता. शेवटी त्यांनी होता तसा व्हिडिओ पाठवून दिला. त्यात काळी काच होती, तीत त्यांचं स्वतःचं भेदरलेलं तोंड दिसत होतं, आणि कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता. श्वास आपलाच असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. प्रेमनं त्यावर अंगठा पाठवला.

आप्पासाहेबांच्या मते गॅसचं प्रेशर कमी होतं आणि रेग्युलेटर बदलायला हवा होता. म्हणून विरूपाक्ष गॅस एजन्सीत गेले. तिथल्या बाबूनं नंबर टाकला आणि मान वर न करता म्हटलं, "कनेक्शन केवळाबाई बोळेगावे यांच्या नावावर हाय. केवायसी राहिलीय. त्यांना आणा, अंगठा लागतो."

"त्या लिंगैक्य झाल्या."

"मग बरं वाटल्यावर आणा."

"अहो, वारल्या त्या. वर्ष होत आलं."

बाबूनं आता मान वर केली आणि संशयानं विचारलं, "मग गॅस कोण वापरून राहिलंय?"

विरूपाक्षांनी रेग्युलेटरचा विषयच सोडला. ते रिकाम्या हातानं पायऱ्या उतरले. स्कूटर सुरू करणार तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. अव्वांच्या कनेक्शनला नंबर विरूपाक्षांचाच दिलेला होता. निरोप आला होता: 'प्रिय केवळाबाई, आज आपण आमच्या कार्यालयास भेट दिल्याबद्दल आभार.' भर उन्हात, गजबजलेल्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी मागच्या सीटकडं पाहिलं. मग घरापर्यंत स्कूटर सावकाश नेली, खड्डे चुकवत, जशी अव्वांना दवाखान्यात नेताना न्यायचे तशी.

खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती जी ते कुणाजवळ बोलले नव्हते. अव्वांना शेवटच्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरांनी चहा बंद करायला सांगितला. घरात स्वयंपाक उमाबाईंचा, त्यामुळं बंद करणाऱ्याही त्याच ठरल्या. आणि विरूपाक्षांच्या बहिणीनं, मुदखेडच्या तारामतीबाईंनी, मातीच्या दिवसापासून एकच वाक्य धरलं होतं: "माझ्या अव्वाचा चहा तोडला वैनीनं. तळमळत गेली ती." हे त्यांनी उदगीरच्या मावशीला सांगितलं, नायगावच्या चुलत्यांना सांगितलं, जो भेटेल त्याला सांगितलं. उमाबाईंनी कधी उलट उत्तर दिलं नाही. त्या फक्त कार्यक्रमांना जायच्या बंद झाल्या. गेल्या तर कोपऱ्यात बसायच्या आणि कुणी चहा दिला तर नको म्हणायच्या.

आता पुण्यस्मरणाला तीच तारामती येणार, तेच सगळे नातेवाईक येणार, आणि भर दुपारी अव्वांच्या चहाच्या वेळेला शेगडी टक टक टक वाजणार. मग उमाबाईंचं या जन्मात काही खरं नव्हतं. म्हणून ती शेगडी त्या दिवसाआधी गप्प झालीच पाहिजे, असं विरूपाक्षांनी मनाशी ठरवलं.

प्रेमला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याला जेवू घालून दुपारपर्यंत ठेवून घेतलं. टकटक सुरू झाली तसा त्याचा चेहरा उतरला. "सर, बटणं तर बंद हायत," तो हळूच म्हणाला. मग धीर करून त्यानं काच उचलली, आत बॅटरी मारली. बटणांखालच्या स्विचमध्ये पाणी होतं. "ओल आली की शॉर्ट होतंय अन् आपोआप वाजतंय. पण सर, हे पाणी येतंय कुठून?"

"लातुरात?" खिडकीतून आप्पासाहेब म्हणाले. "आमच्या नळाला येत न्हाई अन् ह्यांच्या शेगडीला येऊन राहिलंय?"

प्रेमनं सगळं वाळवलं, आतून प्लास्टिक लावलं आणि निघताना ओट्याला हळूच नमस्कार केला. दुसऱ्या दुपारी शेगडी पुन्हा वाजली.

पाणी म्हटल्यावर मात्र विरूपाक्षांचा स्वाभिमान जागा झाला. गळती शोधणं हा त्यांचा धंदा होता. त्यांनी ओट्याखाली पालथं पडून सिंकचा पाइप पाहिला, कोरडा. मागच्या भिंतीला कान लावला, शांत. मग आतून गेलेल्या पाइपला तडा असणार म्हणून दोन फरशा काढल्या. दुसऱ्या फरशीला छिन्नी जरा जास्त लागली आणि जो पाइप इतकी वर्षं गळत नव्हता तो फुटला. पाणी छतापर्यंत उडालं. आठवड्याचं साठवलेलं टाकीतलं पाणी अर्ध्या तासात न्हाणीघरातून गल्लीत गेलं आणि गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या. दुकानात ज्यांना ते गळतीवर सल्ले देत असत त्यातली तीन गिऱ्हाइकं हे बघायला उभी होती. भिंत पुन्हा बांधून घेतली. आणि त्या भानगडीत, घरात पाणीच नसल्यानं ओटा चार दिवस ठणठणीत कोरडा असताना, शेगडी एकदाही वाजली नाही. पाचव्या दिवशी घर पूर्ववत झालं, दुपारची जेवणं झाली, आणि टक टक टक.

आप्पासाहेबांनी त्या संध्याकाळी कट्ट्यावर निकाल दिला. "विरूपाक्षराव, पाण्याचं काय घेऊन बसलाव? भिंतीपलीकडून रोज ऐकून राहिलो मी. हे अडकित्त्याचंच वाजणं हाय. अव्वांचं काय तरी राहिलंय. तुम्ही त्यांची शेगडी भंगारात दिली, अन् चहाचं तर सगळ्या लातूरला ठाऊक हाय."

विरूपाक्ष म्हणाले, असं काही नसतं. म्हणताना त्यांनी मागं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. उमाबाई तिथं तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भीती नाही, राग नाही. ते पाहून विरूपाक्षांना जास्तच भीती वाटली.

पुण्यस्मरणाच्या दिवशी पहाटे स्नान, लिंगपूजा उरकल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. वास्तविक ती पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती, पण शहाण्या माणसाला सोपं शेवटीच सुचतं. त्यांनी शेगडीखाली हात घालून ठिणगीचा सेल काढला आणि नव्या शर्टाच्या खिशात टाकला. सेल नाही, ठिणगी नाही, टकटक नाही. गॅस काडीनं पेटतच होता. सेल जाडजूड होता. त्याच्या वजनानं खिसा लोंबायला लागला आणि दिवसभर जो तो त्यांना खिशात काय आहे म्हणून विचारत राहिला. ते म्हणत, काही नाही. पण महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा जीव जागेवर होता.

कार्यक्रम छान झाला. अंगणात आचाऱ्यानं भट्टी लावली होती, त्यामुळं आतल्या शेगडीचं कामच पडलं नाही. जंगम स्वामींची पाद्यपूजा झाली, पंगती उठल्या. तारामतीबाई अव्वांच्या फोटोसमोर दोनदा रडल्या आणि दोन्ही वेळा वैनीकडं बघून रडल्या. आचारी भांडी घेऊन गेला. मांडवाखाली पुरुष आडवे झाले, बायका आत सावलीला आल्या. वारा पडला होता. बोलणं हळूहळू कमी होत गेलं, कुणाचं पोर झोपलं, वीज गेली आणि पंखा थांबला.

टक टक टक.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग पुन्हा, टक टक टक. पानाला चुना लावत असलेल्या उदगीरच्या मावशीचा हात तसाच राहिला. तारामतीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा रंग उडाला होता. "अव्वा," त्या म्हणाल्या. "अव्वाचा अडकित्ता."

विरूपाक्ष बाहेरून आत आले तेव्हा बायका दाराशी दाटल्या होत्या. खांद्यांवरून त्यांनी पाहिलं. काळ्या काचेवर चारी बाजूंनी निळ्या ठिणग्या उडत होत्या. त्यांचा हात आपोआप खिशावर गेला. सेल खिशातच होता. त्यांनी तो कापडावरून घट्ट धरला.

"आली ती!" तारामतीबाईंचा आवाज चढला. "चहा मागायलीय माझी माय! मरेपर्यंत दिला न्हाई, आता तरी द्या तिला! वैनी, काय पाप केलं होतं गं तिनं? साखर, साखर म्हणून घोटभर चहा तोडलास म्हातारीचा!"

सगळ्यांनी उमाबाईंकडं पाहिलं. स्वामी ओसरीवरून उठून आले होते. विरूपाक्ष बायकांतून वाट काढत पुढं सरकले. आणि ज्या बाईनं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं ती बोलायला लागली.

"मी चहा तोडला न्हाई, वन्स."

"काय?"

"तोडला न्हाई. डॉक्टरनं सांगितलं, ह्यांनी सांगितलं, तुम्ही फोनवरून सांगितलं, चहा बंद. मी हाव म्हटलं. अन् हे दुकानात असले, न्हाई तर निजले, की रोज दुपारी दिला. अर्धा कप, साखर घालून. त्यांचं वय काय अन् साखर सोडून त्यांना मिळवायचं काय होतं? आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून घ्यायचो. त्या म्हणायच्या, उमे, माझ्या पोराला सांगू नको. अन् तारीला तर अजिबात सांगू नको, ती रडून घर डोक्यावर घेईल. म्हणून सांगितलं न्हाई. वचन दिलं होतं. गेल्या त्या दिवशी बी अर्धा कप घेऊन गेल्या."

 फक्त शेगडी वाजत होती.  तारामतीबाई मटकन खाली बसल्या आणि या वेळी त्यांना खरं रडू आलं.

"अन् हे वाजणं," उमाबाई शेगडीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "त्याला भिऊ नका कुणी. हे माझंच काम हाय. पहिल्यांदा ओटा पुसताना पाणी गेलं अन् वाजलं. मला वाटलं त्याच आल्या. त्या गेल्यापासून दुपारचं हे घर खायला उठतंय मला. मग रोज जेवणं झाली की मीच ओलं फडकं बटणावर पिळायला लागले. वाजलं की बरं वाटायचं. चहा टाकला की गरम होऊन वाळायचं अन् थांबायचं. ह्यांनी भिंत फोडली तरी माझ्यानं सांगवलं न्हाई."

आधी मावशी हसल्या. मग स्वामी हसले. मग सगळं घर हसायला लागलं, रडत-रडत हसायला लागलं. विरूपाक्षराव, गळती घरातच होती की, असं खिडकीतून आप्पासाहेब म्हणाले. फडकंच होतं तर, पाणीच होतं तर, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. तारामतीबाई उठल्या, त्यांनी वैनीच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाल्या, "टाक गं चहा. आज मी बी उंबऱ्यावर बसते."

विरूपाक्ष तेवढे हसले नाहीत. त्यांचा हात खिशावरच होता.

उमाबाईंनी डोळे पुसले, आधण ठेवलं आणि काडेपेटीसाठी फळीवर हात फिरवला. काडेपेटी आचाऱ्याबरोबर गेली होती. सवयीनं त्यांनी बटण दाबून फिरवलं. आणि आणल्या दिवसापासून जी शेगडी कधी धड पेटली नव्हती, ती पहिल्याच ठिणगीला पेटली. स्वच्छ, गोल, निळी ज्योत.

"बघा," उमाबाई नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "सुधारली की हो तुमची शेगडी. किती जणांचा टाकू?"

विरूपाक्षांनी बायकोकडं पाहिलं. वर्षभरानं ती मान वर करून, भरल्या घरात, चहाचं विचारत होती. बाजूच्या तिन्ही बर्नरांवर ठिणग्या अजून उडत होत्या. त्यांनी खिशावरचा हात काढून घेतला.

"सगळ्यांचा टाक," ते म्हणाले. "अन् अर्धा कप जास्ती."

उमाबाईंनी पातेल्यात आणखी अर्धा कप पाणी ओतलं. तेव्हा कुठं टकटक थांबली.